तीळ नव्हे, कर्करोग! त्वचेचा रंग आणि जनुकांतील बिघाड यांचे गुंतागुंतीचे नाते

नाकपुडीच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली किंवा गालावर एक काळसर, मण्यासारखा चकाकणारा ठिपका उमटतो. तो दुखत नाही, खाजत नाही. घरातली माणसे त्याला तीळ म्हणतात, शेजारी चामखीळ ठरवतात. कोणी चुना लावायला सांगते, कोणी दोरा बांधायला. वर्ष-दोन वर्षांत तो ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. मग एके दिवशी तोंड पुसताना पंचाला रक्त लागते. खपली धरते, पडते, पुन्हा धरते. त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत रुग्ण पोहोचतो, तेव्हा बहुधा काही वर्षे उलटून गेलेली असतात आणि बायॉप्सीच्या अहवालात 'पिगमेंटेड बेसल सेल कार्सिनोमा' असे शब्द उमटतात.

बेसल सेल कार्सिनोमा म्हणजे त्वचेच्या बाह्यस्तरातील सर्वांत खालच्या, तळच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा कर्करोग. सोयीसाठी त्याला तळपेशींचा कर्करोग म्हणता येईल. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अंदाजानुसार त्या देशात वर्षाकाठी सुमारे ३३ लाख लोकांमध्ये तळपेशींचे व खवलेपेशींचे मिळून सुमारे ५४ लाख कर्करोग निदान होतात आणि त्यांपैकी दहातील आठ तळपेशींचे असतात. भारतात मात्र त्वचेच्या सर्व प्रकारच्या कर्करोगांचा वाटा एकूण कर्करोगांच्या एक ते दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. एवढी तफावत का, याचे एका शब्दातील उत्तर 'मेलॅनिन' असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि या अपुऱ्या उत्तरामुळेच 'हा गोऱ्यांचा रोग, आपला नव्हे' अशी समजूत दृढ होऊन अनेकांचे निदान लांबते.

या रोगाची वैद्यकीय नोंद जुनी आहे. डब्लिनचे नेत्रतज्ज्ञ आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्या व चेहरा हळूहळू पोखरत जाणाऱ्या एका व्रणाचे वर्णन केले. उंदराने कुरतडावे तशी कातडी खाल्ली जाते म्हणून त्याला पुढे 'रोडंट अल्सर' हे नाव पडले. हंगेरीचे विकृतिशास्त्रज्ञ क्रोम्पेखर यांनी १९०३ मध्ये तो तळपेशींशी निगडित असल्याचे मांडले. हा रोग शरीरात इतरत्र पसरणे अत्यंत दुर्मिळ. हजार रुग्णांत एखाद-दुसऱ्याला, कित्येक पाहण्यांत तर त्याहूनही कमी प्रमाणात तसे घडते. त्यामुळे तो जीव क्वचितच घेतो. पण जागच्या जागी तो नाक, पापणी, कानाची पाळी आणि प्रसंगी खालची कूर्चा व हाडही खाऊन टाकतो. चेहरा विद्रूप करणारा रोग 'सौम्य' कसा म्हणावा, हा प्रश्नच आहे.

छत्री आणि तिची भोके

विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ', 'सावळी' हे सारे शब्द अंतिमतः एकाच रसायनाच्या प्रमाणावर, प्रकारावर आणि मांडणीवर बेतलेले आहेत. ते रसायन म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य. ते तयार करणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. आश्चर्य असे की, या रंगपेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी काय बनवतात आणि बनवलेला माल कसा वाटतात यात. एक रंगपेशी आपल्या फांद्यांसारख्या शाखांमधून आसपासच्या साधारण ३६ त्वचापेशींना मेलॅनिनच्या इवल्या पिशव्या पुरवते. त्वचापेशी त्या आपल्या केंद्रकाच्या वर टोपीसारख्या मांडून ठेवतात. वरून येणारा अतिनील किरण डीएनएपर्यंत पोहोचण्याआधी या छत्रीवर आदळतो. काळ्या त्वचेत या पिशव्या मोठ्या, सुट्या आणि टिकाऊ असतात. गोऱ्या त्वचेत त्या लहान, पुंजक्यांनी असतात आणि लवकर विघटित होतात.

छत्रीचा उपयोग किती, याचे मोजमाप झालेले आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गोऱ्यांच्या बाह्यत्वचेतून सुमारे २४ टक्के अतिनील-बी किरण आरपार गेले, तर कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेतून केवळ ७.४ टक्के. सनस्क्रीनच्या बाटलीवर छापतात त्या 'एसपीएफ'च्या भाषेत सांगायचे तर काळ्या बाह्यत्वचेचे संरक्षण सुमारे १३.४ आणि गोऱ्या त्वचेचे ३.४ इतके भरले. भारतीय त्वचा बहुतांशी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. संरक्षण आहे, भरपूर आहे; पण ती भिंत नव्हे. चैत्र-वैशाखात मुंबईसारख्या शहरात निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे जागतिक मापनानुसार 'आत्यंतिक' श्रेणीत जातो. आयुष्यभर शेतात, रस्त्यावर वा बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या त्वचेत झिरपलेल्या त्या थोड्या टक्क्यांची बेरीज लहान नसते.

मेलॅनिनचे मुख्य प्रकार दोन. तपकिरी-काळे 'यूमेलॅनिन' अतिनील किरणे शोषून उष्णतेत रूपांतरित करते. तांबूस-पिवळे 'फिओमेलॅनिन' हे काम फारसे करीत नाही. उलट प्रकाशात ते स्वतःच डीएनएला अपाय करणारे क्रियाशील ऑक्सिजनचे कण निर्माण करू शकते. कोणता प्रकार बनावा हे ठरवणारा एक प्रमुख खटका म्हणजे सोळाव्या गुणसूत्रावरील 'एमसी१आर' हे जनुक. त्यापासून ३१७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते व ते रंगपेशीच्या पृष्ठभागावर बसून संदेशाची वाट पाहते. संदेश मिळाला की यूमेलॅनिन बनू लागते. जनुकात बिघाड असेल तर संदेश आत पोहोचत नाही आणि फिओमेलॅनिनचे पारडे जड होते. लाल केस, दुधासारखी त्वचा आणि वांग्यासारखे ठिपके घेऊन जन्मणाऱ्या आयरिश वा स्कॉटिश माणसांत या जनुकाची बदललेली रूपे आढळतात, हे १९९५ मध्ये दाखवून देण्यात आले. आफ्रिकेतील लोकसमूहांत याच जनुकात प्रथिन बदलणारे फरक जवळपास नाहीत. तळपत्या उन्हात असा बदल निसर्गाला परवडला नसावा.

भारतीयांच्या वर्णातील विविधतेत अधिक महत्त्वाचे ठरले आहे ते 'एसएलसी२४ए५' हे जनुक. त्याचा शोध लागला एका माशामुळे. झेब्राफिशच्या 'गोल्डन' नावाच्या फिकट जातीत हे जनुक बिघडलेले असल्याचे २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. माणसात त्यातील १११ व्या जागी अलानिनऐवजी थ्रिओनिन आले की त्वचा उजळते. युरोपात हा बदल जवळपास सर्वांत आहे. दक्षिण आशियातही तो मोठ्या प्रमाणावर आहे आणि युरोपातील व येथील हा बदल एकाच मूळ पूर्वजाकडून आलेला आहे, असे हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसून आले. एकाच घरातील दोन सख्ख्या बहिणींपैकी एक गोरी व दुसरी सावळी का, याचे उत्तर अशा काही जनुकांच्या वाटपात दडलेले आहे. अर्थात 'भारतीय त्वचा' असे एकच माप धरून धोका मोजणे चुकीचे होय.

उन्हाच्या बोटांचे ठसे

मेलॅनिनची छत्री ओलांडून आलेला अतिनील-बी किरण डीएनएमध्ये एक ठरावीक खोडी करतो. डीएनएची लिपी ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची. त्यांतील सी किंवा टी ही अक्षरे शेजारी-शेजारी असतील, तर किरणाच्या ऊर्जेने ती एकमेकांना चिकटतात. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते. चिकटलेला तुकडा कापून ती नवा घालते. दुरुस्ती राहून गेली, तर पुढच्या वेळी नक्कल करताना सीच्या जागी टी लिहिला जातो. कधी शेजारच्या दोन्ही सींच्या जागी दोन टी येतात. ही दुसरी चूक सहसा अन्य कारणांनी होत नाही. म्हणूनच तिला अतिनील किरणांचा ठसा मानतात. तपास अधिकाऱ्याला खिडकीच्या काचेवर ठसा मिळावा तसा हा ठसा येल विद्यापीठातील डग्लस ब्रॅश व सहकाऱ्यांना १९९१ मध्ये त्वचेच्या खवलेपेशींच्या कर्करोगातील 'पी५३' या जनुकात मिळाला. उन्हाचा आणि कर्करोगाचा संबंध लोकसंख्येच्या आकडेवारीतून ठाऊक होताच. आता तो जनुकाच्या अक्षरांत वाचता आला.

दुरुस्तीची यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असेल तर काय होते, हे झिरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मिळ आनुवंशिक आजारात दिसते. अशा मुलांच्या पेशींना अतिनील किरणांची इजा दुरुस्त करता येत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. वर्ण कोणताही असो, या मुलांच्या चेहऱ्यावर अगदी लहानपणी ठिपकेच ठिपके येतात आणि विशीच्या आत त्वचेच्या कर्करोगाचा धोका हजारो पटींनी वाढतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय हा आजार होत नाही. त्यामुळे मामा-भाची वा आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या कुटुंबांत त्याची शक्यता अधिक असते. छत्री धड असूनही दुरुस्ती नसेल तर उपयोग नाही, याचे हे ढळढळीत उदाहरण.

माशीच्या अळीपासून माणसाच्या नाकापर्यंत

तळपेशींच्या कर्करोगाला पी५३ एवढेच लागत नाही. त्याचे खरे मूळ दुसऱ्याच जनुकात आहे आणि त्याची कथा फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीपासून सुरू होते. ख्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हजारो माश्यांमध्ये उत्परिवर्तने घडवून, भ्रूणाच्या शरीराचे कप्पे कोणती जनुके आखतात हे शोधले. त्यांचा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९५ मध्ये दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासह नोबेल मिळाले. एका बिघडलेल्या जनुकामुळे अळी आखूड होऊन तिच्या अंगभर काटे येत, म्हणून त्याला 'हेजहॉग' या काटेरी प्राण्याचे नाव दिले गेले. पुढे सस्तन प्राण्यांतील त्याच्या भावंडाचे 'सॉनिक हेजहॉग' असे बारसे झाले ते व्हिडिओ गेममधील पात्रावरून. शास्त्रज्ञांची ही थट्टा गंभीर आजाराच्या रुग्णांना समजावून सांगताना डॉक्टरांना नंतर अवघड गेली असणार.

या संदेशमार्गाची रचना अशी : पेशीच्या पृष्ठभागावर 'पॅच्ड' नावाचे प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसते आणि 'स्मूदन्ड' या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. हेजहॉगचा संदेश येऊन पॅच्डला चिकटला की पहारा उठतो, स्मूदन्ड मोकळे होते आणि पेशीला विभाजनाचा हुकूम मिळतो. गर्भावस्थेत हा हुकूम अत्यावश्यक असतो. प्रौढ त्वचेत तो बहुतेक वेळ बंद असतो. केसांच्या मुळाशी तेवढा अधूनमधून चालू होतो. पॅच्ड तयार करणारे 'पीटीसीएच१' जनुक मोडले, तर पहारेकरीच राहत नाही. संदेश न येताही दार सताड उघडे राहते.

हे जनुक माणसाच्या नवव्या गुणसूत्रावर आहे आणि तळपेशींच्या कर्करोगाशी त्याचे नाते आहे, हे जून १९९६ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी जाहीर केले. त्यांना तेथवर नेले ते एका आनुवंशिक विकाराने. अमेरिकेतील रॉबर्ट गॉर्लिन व रॉबर्ट गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णन केलेल्या या विकारात रुग्णाला तरुणपणीच अनेक, कधी शेकडो तळपेशी कर्करोग होतात. जबड्यात पुटीसारख्या गाठी येतात, तळहातांवर टाचणी टोचल्यासारखे खळगे दिसतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. गॉर्लिन विकारात पीटीसीएच१ची एक प्रत जन्मतःच खराब असते, दुसरी उन्हाने खराब झाली की काम झाले. अल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका कर्करोगावरून मांडलेला 'दोन घावां'चा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडला. इतर सर्वसामान्य रुग्णांत दोन्ही घाव आयुष्यात, त्याच एका पेशीत बसावे लागतात. म्हणून त्यांना हा रोग एखाद-दुसऱ्या ठिकाणी आणि उतारवयात होतो.

जिनिव्हा विद्यापीठातील गटाने २०१६ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये २९३ गाठींच्या जनुकीय वाचनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ७३ टक्के गाठींत पीटीसीएच१, २० टक्के गाठींत स्मूदन्डचे जनुक आणि ६१ टक्के गाठींत पी५३ बिघडलेले आढळले. डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे सरासरी ६५ उत्परिवर्तने! तोवर वाचल्या गेलेल्या कर्करोगांत हा उच्चांक होता. एवढ्या खाडाखोडीनंतरही हा कर्करोग शरीरभर पसरत नाही, हे त्याचे वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

एकच उत्परिवर्तन, दोन वर्ण

त्वचेचा रंग आणि जनुकांतील बिघाड यांचा हिशेब वेगळा मांडायचा तर एकच उत्परिवर्तन भिन्न वर्णांच्या माणसांत पाहावे लागेल. गॉर्लिन विकाराने ती सोय करून दिली आहे. अमेरिकेत अशा १०५ रुग्णांची तपासणी करून १९९७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. गोऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के जणांना किमान एक तळपेशी कर्करोग झालेला होता. आफ्रिकी-अमेरिकी रुग्णांत हे प्रमाण ३८ टक्के होते. कृष्णवर्णीय रुग्ण तेराच होते, तेव्हा आकड्याला फार ताणू नये. पण दिशा स्पष्ट आहे. जन्मजात घाव तोच असताना मेलॅनिनने दुसरा घाव निम्म्याहून अधिक वेळा अडवला. आणि ज्यांना रोग झाला त्यांच्यात पहिली गाठ दिसण्याचे वय दोन्ही गटांत विशीच्या आसपासच होते. जबड्यातील गाठींना ऊन लागत नाही. त्या वर्णानुसार टळत नाहीत. भारतात गॉर्लिन विकाराचा रुग्ण बऱ्याचदा प्रथम दंतवैद्याच्या खुर्चीत सापडतो, त्वचारोगतज्ज्ञाकडे नाही, याचे कारण हेच. जबड्यात वारंवार पुटी होणाऱ्या तरुणाचे तळहात पाहण्याची तसदी घेतली, तर निदान कित्येक वर्षे अलीकडे येऊ शकते. ते आवश्यकही आहे. कारण या रुग्णांना किरणोपचार दिल्यास त्या भागात नव्या गाठींचे पीक येते.

तथापि रंग म्हणजे केवळ छत्री, हे समीकरणही पुरेसे नाही. नेदरलँडमधील लायडन येथील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले, की एमसी१आरची बदललेली रूपे असलेल्यांना त्वचेच्या या कर्करोगांचा धोका अधिक असतो आणि तो त्यांचा वर्ण किंवा केसांचा रंग हिशेबातून वजा केल्यावरही उरतो. म्हणजे दिसायला सावळ्या माणसातही हे जनुक बिघडलेले असले तर त्याचा परिणाम होऊ शकतो. कारण एमसी१आर रंग बनवण्याखेरीज डीएनएच्या दुरुस्तीलाही चालना देते. उलट बाजूने पी५३ हे केवळ डीएनएचे राखणदार नाही. ऊन लागल्यावर त्वचापेशीतील पी५३ जागे होते आणि एमसी१आरला साद घालणारा संदेश तयार करवते, असे बोस्टनमधील संशोधकांनी २००७ मध्ये सिद्ध केले. उन्हाने त्वचा 'रापते' ती अशी. ज्या जनुकाने छत्री मागवायची तेच उन्हाने मोडावे, असा हा पेच आहे.

त्याहून चक्रावून टाकणारा शोध २०१५ मध्ये पुन्हा ब्रॅश यांच्याच प्रयोगशाळेतून आला. अतिनील किरण थांबल्यावरही रंगपेशींच्या डीएनएतील इजा तीन तासांहून अधिक काळ अंधारात वाढत राहते आणि ती घडवते मेलॅनिनच! किरणांनी डिवचलेले मेलॅनिन ऊर्जा साठवून ती नंतर डीएनएकडे सोपवते. फिओमेलॅनिन यात अधिक घातक, पण यूमेलॅनिनही निर्दोष नाही. छत्रीच कधीकधी ठिणगी टाकते, असे म्हणावे लागेल.

मेलॅनिन नाहीसेच झाले तर? आफ्रिकेत वर्णहीनतेसह जन्मलेल्या लोकांना ऐन तारुण्यात त्वचेचे कर्करोग होतात, त्यांत खवलेपेशींचे अधिक. यावरून कोड असलेल्यांनाही तसाच धोका असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात नेदरलँडमध्ये १,३०७ कोडग्रस्तांची त्यांच्या जोडीदारांशी तुलना करणाऱ्या २०१३ च्या पाहणीत कोडग्रस्तांत त्वचेच्या कर्करोगाची शक्यता सुमारे तिपटीने कमी आढळली. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणाच रंगपेशींवर तुटून पडते. हीच जागरूकता बिघडलेल्या पेशींनाही टिपत असावी, असे मानले जाते. कोडाविषयी आपल्याकडे भीतीच फार पसरवली जाते, म्हणून हा निष्कर्ष आवर्जून सांगण्याजोगा. पांढऱ्या डागांना ऊन भाजते, तेव्हा ते झाकावेत हे वेगळे.

काळा रंग कुठून येतो?

भारतीय रुग्णाच्या चेहऱ्यावरील तळपेशींचा कर्करोग गोऱ्या रुग्णासारखा गुलाबी, मोत्यासारखा दिसत नाही. काळ्या-सावळ्या त्वचेत निम्म्याहून अधिक गाठी रंगद्रव्ययुक्त असतात. गोऱ्यांत हे प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या आसपास आहे. काळेपणा निराळ्या उत्परिवर्तनामुळे येत नाही. गाठ वाढताना भोवतालच्या निरोगी रंगपेशी तिच्यात शिरून वस्ती करतात आणि नेहमीच्या सवयीने मेलॅनिन वाटत राहतात. मूळ बिघाड हेजहॉग मार्गाचाच. पण या उसन्या रंगामुळे रोग तिळाचे सोंग घेतो.

खरा तीळ बहुधा तिशी-चाळिशीपर्यंत उगवून स्थिर झालेला असतो. पन्नाशीनंतर चेहऱ्यावर उगवलेला, हळूहळू पण सतत वाढणारा, कडेला मणी ओवल्यासारखा चकाकणारा, मध्ये खळगा पडलेला किंवा वारंवार खपली धरणारा काळा ठिपका हा तीळ नसण्याची शक्यता मोठी. या रोगाच्या सुमारे ८० टक्के गाठी डोके व मानेवर होतात आणि त्यांत नाकाचा क्रमांक पहिला. त्वचेला टेकवून पाहण्याच्या डर्मोस्कोप या भिंगातून तज्ज्ञाला निळसर-करडे अंडाकृती पुंजके, मेपलच्या पानासारखे आकार किंवा चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. शेवटचा शब्द अर्थात बायॉप्सीचाच. ब्यूटी पार्लरमध्ये 'तीळ' जाळून घेण्यातला खरा धोका हा की, वरचा काळा भाग जळून जातो, तपासायला काही उरत नाही आणि खाली मुळे पसरत राहतात.

सावळ्या त्वचेला ऊन हेच एकमेव कारण पुरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांत होणाऱ्या 'धोती कॅन्सर'ची नोंद केली. साडीच्या काच्यानेही तोच प्रकार होतो. हे कर्करोग खवलेपेशींचे, वर्षानुवर्षांच्या घर्षणातून उद्भवणारे. तळपेशींच्या कर्करोगाचे उन्हाखेरीजचे ठळक कारण म्हणजे आर्सेनिक. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात कूपनलिकांच्या पाण्यातून विषबाधा झालेले रुग्ण समोर आले, तेव्हा प्रथम दिसले ते छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके आणि तळहातांवरील खरखरीत उंचवटे. कर्करोग कित्येक वर्षांनी, झाकलेल्या अंगावरही उमटले. त्या प्रदेशात राहून आलेल्या रुग्णाला पिण्याच्या पाण्याविषयी विचारायला हवे.

एकडोळी कोकरे आणि एक गोळी

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा. वेळेत काढलेली लहान गाठ बहुतेकदा कायमची जाते. नाक-पापणीसारख्या नाजूक जागी फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेली पद्धत उपयोगी पडते : पातळ थर काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या सर्व कडा पाहायच्या आणि जेथे रोग उरला तेवढाच पुढचा थर काढायचा. निरोगी कातडी वाचते.

शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी औषध आले ते मेंढपाळांच्या संकटातून. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. गाभण मेंढ्या डोंगरउतारावरील 'कॉर्न लिली' ही वनस्पती खात होत्या, असा छडा लागला. तिच्यातील विषारी द्रव्याला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून 'सायक्लोपामिन' म्हटले गेले. ते हेजहॉग मार्ग बंद पाडते हे १९९८ मध्ये कळले आणि मग हिशेब उलटा मांडला गेला : जो मार्ग बंद पडल्याने कोकराचा चेहरा घडत नाही, तोच सताड उघडा राहिल्याने कर्करोग होतो. स्मूदन्डला रोखणारे 'व्हिस्मोडेगिब' जानेवारी २०१२ मध्ये आणि 'सोनिडेगिब' २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. व्हिस्मोडेगिबच्या चाचणीत स्थानिक पातळीवर बळावलेल्या रोगात ४३ टक्के आणि पसरलेल्या रोगात ३० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. स्नायूंत पेटके, तोंडाची चव जाणे, केस गळणे यामुळे अनेकांना औषध सोडावे लागते. काहींत स्मूदन्डचे जनुक पुन्हा बदलते आणि गोळी लागू पडेनाशी होते. गर्भवतींना ते वर्ज्यच. कोकरांचे उदाहरण समोर आहे. ज्यांच्यावर ही औषधे चालत नाहीत त्यांच्यासाठी प्रतिकारशक्ती जागवणारे 'सेमिप्लिमॅब' २०२१ मध्ये मान्य झाले. उत्परिवर्तने जितकी अधिक, तितकी ती पेशी शरीराला परकी वाटण्याची शक्यता अधिक. त्या उच्चांकी ६५ चा असाही एक लाभ.

आणि ज्या काळ्या रंगामुळे हा रोग वर्षानुवर्षे तीळ म्हणून खपून जातो, तोच रंग शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र डॉक्टरांच्या बाजूने उभा राहतो. गुलाबी गाठीची कडा आसपासच्या कातडीत विरून जाते. काळ्या गाठीची हद्द कोठे संपते, हे नुसत्या डोळ्यांनाही बऱ्यापैकी दिसते.